कपाळावरचा हिरवा ठिपका

आरशात बघायचं माझं वय गेलं, असं सगळे म्हणतात. मी तरी रोज बघते. कपाळावर दोन भुवयांमध्ये हिरवा गोंदलेला ठिपका आहे. पूर्वी मुगाएवढा होता, आता सुरकुत्यांत पसरून वाटाण्याएवढा झालाय. बाकीची मी कुठल्या कुठे गेले, तो मात्र जागा सोडत नाही.

कशेळ्याच्या बाजारात गोंदला. मी आठ वर्षांची होते. आईने माझे हात मांडीखाली दाबून धरले, गोंदणारीने सुया टोचल्या, आणि मी बोंबलत राहिले.

"गप गं," आई म्हणाली, "मेल्यावर बाईच्या संगं एवढंच जातं."

बाईला सोबत न्यायला दुसरं काही मिळणारच नाही, हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. राग यायला हवा होता, पण तेवढी अक्कल कुठली.

लग्न होऊन चौकला आले. हायवेला लागून घर, पुढे नवऱ्याचं गॅरेज. मोठी जाऊ सातवी शिकलेली, त्यामुळे घरातलं शहाणपण सगळं तिच्याकडे. माझं कपाळ बघून पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. "आमच्याकडं असलं रानटी नाय चालत." मी घाबरले आणि ठिपक्यावर रुपयाएवढं कुंकू लावायला लागले. सतरा वर्षं लावलं. त्याने मी सुधारले असं मला वाटायचं. अशी मी मूर्ख.

मग नवरा तापाचं निमित्त होऊन गेला. कुंकू पुसायला भावकीतल्या विधवा बायका जमल्या. पुढे आमची काकी, म्हणजे माझी चुलत सासू. तिने ओल्या फडक्याने कपाळ पुसलं, वाकून बघितलं, परत पुसलं. तेव्हाच तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता.

"अजून हाय गं," ती म्हणाली आणि घासायला लागली.

"काकी, ते गोंदण हाय. नाय जायाचं."

तिला ऐकायलाही कमीच यायचं. घासून घासून रक्त आलं तेव्हा ती थांबली. भोवती दहा-बाराजणी होत्या. सगळ्यांना ते गोंदण माहीत होतं, आणि एकीनेही तिचा हात धरला नाही. नवऱ्यासाठी मी रडत होते हे खरं, पण त्या क्षणी मला त्या सगळ्यांची किळस आली. अजून येते.

सहा वर्षांनी मुलीचं लग्न ठरलं. मला एकच हवं होतं, तिला पहिली हळद माझ्या हाताची लागावी. विचारायची सोय नव्हती. हळदीच्या सकाळी जाऊ गोड आवाजात म्हणाली, "तू आत बस गं. वडे तळायला कुणीतरी पायजेच." तिचा आवाज गोड झाला की समोरच्याने उठून जायचं असतं. मी चुलीपाशी बसले. वडे तळले, दोन करपवले, मुद्दाम.

ओटीवर काकी खाटेवर बसून हुकूम सोडत होती. स्वतः विधवा, हळदीला हात लावणार नाही, पण कुणी लावायची ते तीच ठरवणार. एव्हाना तिला माणसं नुसती सावलीसारखी दिसत. ती कपाळावरचे ठिपके बघून सवाष्णी मोजत होती. चारच भरल्या. मी वड्यांची परात घेऊन बाहेर आले, तर तिने बोट दाखवलं. "ती कोन? कुंकवाची हाय ना, मंग बसव तिला. पाच झाल्या."

जाऊ म्हणाली, "काकी, ती..."

"आलेच काकी," मी जावेच्या वर आवाज चढवून म्हटलं आणि परात तिच्याच हातात दिली.

"आन् तिचं कुंकू पुसट दिसतंय," काकी जावेवर खेकसली. "लाव की नीट. हुबी काय राहिलीस?"

जावेने इकडे तिकडे बघितलं. काकीला चारचौघांत खोटं पाडायची कुणाची छाती नव्हती. तिने परात खाली ठेवली, करंडा उघडला. मी मान पुढे केली. तिने बरोबर ठिपक्यावर कुंकू लावलं.

मग सगळ्यांच्या आधी मी मुलीच्या दोन्ही गालांना हळद लावली. ती रडत होती आणि हसतही होती. कानाशी येऊन कुजबुजली, "आये, काकीआजीला दिसत नाय ना?"

"दिसत नाय तेच बरं," मी म्हटलं. "दिसनाऱ्यांनी मला आत बसवली व्हती."