केळशीकर साहेबांचं नऊ सिलिंडरचं इंजिन

निवृत्त वॉरंट ऑफिसर मनोहर केळशीकर यांची आणि माझी पहिली भेट कासारवाडीत, स्टेशनच्या रस्त्याला, शब्बीरभाईंच्या गॅरेजात झाली. शब्बीरभाई मालक, मी त्यांचा हेडमिस्त्री. चाकणकडची आमची शेती कंपन्यांच्या कुंपणात गेली तेव्हा मी हातात पाना धरला. शाळा फारशी नव्हती, पण कान तिखट आहेत असं सगळे म्हणायचे आणि मलाही त्याची थोडी मिजास होती. साहेब नुकतेच हवाई दलातून निवृत्त होऊन पिंपळे गुरवला राहायला आले होते. स्कूटर घेऊन आले. मी लांबूनच आवाज ऐकून सांगितलं, "कार्बोरेटर आहे." त्यांनी माझ्या हातातला लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाला लावून पाहिली आणि मग माझ्या कानाला लावली. आत पिस्टनची पिन टकटकत होती, कुणी दारावर बोटानं वाजवावं तशी.

"कान चांगले आहेत तुमचे," साहेब म्हणाले. "पण तुम्ही ऐकायच्या आधी बोलता."

लागलं मला ते. पण पिन बदलेपर्यंत साहेब तिथंच स्टुलावर बसले आणि त्यांनी विचारलं, "जुन्या विमानांची इंजिनं गोल असायची. मधे दांडा आणि भोवती सिलिंडर, चाकाच्या आऱ्यांसारखे. एका ओळीत ते पाच, सात, नऊ असेच का असतात? आठ का नाही?"

"न्हाई बा म्हाईत," मी म्हणालो.

त्यांनी शेजारच्या टपरीवरून नऊ ग्लास चहा मागवला आणि बाकड्यावर गोल मांडला. म्हणाले, प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेट घेतो. म्हणून एक ग्लास उचलायचा, एक सोडायचा. एक, तीन, पाच, सात, नऊ, मग न थांबता दोन, चार, सहा, आठ. दोन फेऱ्यांत सगळे ग्लास संपले. मग आठ मांडा म्हणाले. एक, तीन, पाच, सात झालं, की पुढचा पुन्हा एकच. निम्मा चहा गार. शब्बीरभाई आणि दोन गिऱ्हाइकं बघत उभी होती. शब्बीरभाई म्हणाले, "साहेब, हे आधी सांगायचं होतं, मी साखर कमी टाकायला सांगितली असती." साहेब पोटभर हसले. त्यांचं ते हसणं तेव्हा गॅरेजाबाहेर ऐकू जायचं.

पुढं दर रविवारी सकाळी साहेब येऊ लागले. गॅरेजाच्या भिंतीवर त्यांनी काळा फळा लावला आणि आठवड्याला जुन्या लष्करी विमानांची एक गोष्ट लिहायची असा नेम धरला. पॅकेट नावाच्या मालवाहू विमानाला हिमालयातल्या उंच धावपट्ट्यांवर दम लागायचा, म्हणून आपल्याकडे त्याच्या पाठीवर आणखी एक, जेट इंजिन बसवलं. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या आधीच्या आणि नंतरच्या इंजिनांचे पंखे उलट दिशांना फिरत, त्यामुळे जुन्या सवयीनं सुकाणूवर पाय दाबला की विमान भलतीकडेच ओढ घेई. कॅनबेरा हे जेट बॉम्बफेकी विमान सुरू करायला काडतूस फोडावं लागे, आणि धूर असा निघे की नवखा माणूस बंब बोलवायला पळे. पाळी सुटून स्टेशनकडे निघालेले कामगार फळ्यापाशी थांबायचे. एकदा एकानं विचारलंच, "साहेब, याचा उपयोग काय हो?" साहेब म्हणाले, "काही नाही. तुम्ही गाडीत बसून जी गाणी ऐकता, त्यांचा काय असतो?" तो माणूस पुढच्या रविवारी भाऊबंद घेऊन आला.

त्यांची लाडकी गोष्ट लिबरेटरची. महायुद्ध संपल्यावर ही बॉम्बफेकी विमानं परके लोक कानपूरला मोडून टाकून गेले, आणि आपल्या माणसांनी एकाचे अवयव दुसऱ्याला लावून ती पुन्हा उडवली. सांगताना साहेबांचा आवाज बदलायचा. "बबन, इंजिन मरत नसतं. माणसं त्याला सोडून देतात."

साहेबांच्या कामाबद्दल त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मी त्यांच्या स्वभावातली एकच गोष्ट सांगतो. मी चाकणला स्वतःचं इंजिन दुरुस्तीचं शेड टाकलं, त्या पहिल्या वर्षातली. एका ट्रकचं इंजिन जोडून दिलं, ट्रक गेला, आणि संध्याकाळी हत्यारं लावताना लक्षात आलं की एक नट कमी आहे. मी म्हणालो, पडला असेल कुठंतरी. साहेब तिथंच होते. "पडला असेल म्हणजे? आत की बाहेर?" त्यांनी मला स्कूटरवर मागं बसवलं, आम्ही तळेगावच्या पुढं ट्रक गाठला, रस्त्याकडेला इंजिनाचं झाकण उघडलं. नट नव्हता. परत आलो तर तो शब्बीरभाईंच्या शर्टाच्या खिशात! ते मदतीला आले होते आणि त्यांनीच उचलून ठेवला होता. मी वैतागून म्हणालो, "फुकट गेली ना चक्कर?" साहेब म्हणाले, "फुकट कशी? मघाशी तो आत नाही असं तुला वाटत होतं. आता माहीत आहे."

आणि जिव्हाळा म्हणाल तर घरात आठ वह्या आहेत माझ्या. मला इंग्रजी वाचता येत नाही हे मी कुणाला कळू देत नसे. साहेबांनी ते ओळखलं, कधी बोलून दाखवलं नाही. गोल इंजिनाची अख्खी पुस्तिका त्यांनी मराठीत उतरवली, आकृत्यांसकट, स्वतःच्या हातानं. देताना म्हणाले, "माझं अक्षर सुधारावं म्हणून लिहिलंय. जरा तपासून दे."

साहेबांनी आयुष्य कानावर काढलं, आणि कानच त्यांचे गेले. तरुणपणी जेट इंजिनांजवळ कापसाचे बोळे घालून उभं राहायचं, एवढंच संरक्षण. सत्तरी आली तेव्हा समोरचं बोलणंही ऐकू येईना. यंत्र लावून पाहिलं, ते नुसतं शिट्टी वाजवायचं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, घरात एक पाटी आणली, तिच्यावर लिहून संसार सुरू झाला. साहेबांचं हसणंही बंद झालं. स्वतःचं हसू ऐकू येत नसेल तर माणूस कशाला हसेल? मला मात्र ते म्हणाले, "तुझे आहेत ना कान? चालेल मला." तेव्हापासून आमची कामाची रीत ठरली. ते बोटांची टोकं लोखंडावर ठेवायचे, मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचो. ते विचारायचे, "कसं वाजतंय?" आणि मी पाटीवर जे लिहीन ते शेवटचं.

आता इंजिनाकडे येतो. एका कॉलेजानं वर्कशॉप बंद केलं तेव्हा कोपऱ्यात हार्वर्ड जातीच्या शिकाऊ विमानाचं नऊ सिलिंडरचं इंजिन पडलं होतं. साहेबांनी फिटर म्हणून पहिला हात लावला तो याच जातीच्या इंजिनाला. ते आम्ही माझ्या शेडमध्ये आणलं. अकरा वर्षं साहेब, शब्बीरभाई आणि मी दर रविवारी त्यावर बसलो. मिळाले ते भाग शोधून आणले, मिळाले नाहीत ते कातले. काम संपता संपता साहेबांचे कान गेले. म्हणजे ते इंजिन पूर्ण जोडलेलं त्यांनी पाहिलं, ऐकलं कधीच नाही.

या इंजिनाची एक शिस्त आहे, वाचकांनी ती नीट समजून घ्यावी. बंद उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. म्हणून सुरू करण्याआधी पंखा हातानं फिरवायचा, एकेक पातं ओढत, निदान दहा पाती मोजायची. पातं अडलं तर थांबायचं, खालचे प्लग काढून तेल सांडून द्यायचं. पातं उलट कधीही फिरवायचं नाही. उलट फिरवलं की ते मोकळं होतं खरं, पण तेल मागं आत येणाऱ्या हवेच्या नळीत जाऊन बसतं. इंजिन सुरू झालं की तेच तेल परत आत ओढलं जातं. तेल दाबलं जात नाही, मग त्याच्याऐवजी पिस्टनचा रॉड वाकतो. साहेबांच्या तिसऱ्या वहीत हे लाल शाईनं लिहिलंय.

साहेबांच्या अमृतमहोत्सवाची तयारी म्हणून आम्ही एका रविवारी चाचणी ठेवली. साहेबांचे दोन जुने सहकारी लांबून आले होते, त्यांना दुपारची गाडी होती. साहेब त्यांच्याजवळ खुर्चीवर, आमच्याकडे पाठ. शब्बीरभाई आणि मी पंखा ओढत होतो. चौथं पातं अडलं. खालचे प्लग काढायचे म्हणजे धुराडं सोडवा, अर्धा-पाऊण तास. पाहुणे घड्याळ बघत होते. मी पातं पाव फेरा मागं ढकललं. मोकळं झालं.

शब्बीरभाई हळूच म्हणाले, "राव, उलटं घेतलंस?"

"जरासंच."

"जरासंच म्हणजे काय? पाव गरोदर असतं का कुणी?"

मी हसून उडवलं. दहा पाती पुरी केली, साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना आणलं. इंजिन सुरू झालं. पहिल्या धुराबरोबर एकच घाव बसला, ऐरणीवर बसावा तसा, आणि त्यानंतर इंजिन चालू राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र नऊ ठोक्यांत एक ठोका उशिरा येताना ऐकू येत होता. खालचा, पाच नंबरचा. साहेबांनी दोन्ही तळवे इंजिन ठेवलेल्या लोखंडी घोडीवर टेकले होते, डोळे मिटले होते, गालांवरून पाणी वाहत होतं. डोळे न उघडता त्यांनी मोठ्यानं विचारलं, "बबन, कसं वाजतंय?"

मी त्यांच्या तळहातावर बोटानं लिहिलं, झकास.

त्याच वेळी गौरव समितीनं जाहीर केलं की समारंभाच्या दिवशी साहेब स्वतःच्या हातानं इंजिन सुरू करतील. वाकलेला रॉड घेऊन ते पुन्हा चालवलं तर रॉड तुटून कवच फोडून बाहेर येऊ शकतो, आणि समोर खुर्च्या मांडलेल्या. शब्बीरभाई म्हणाले, "बॅटरी उतरली म्हणू. आयुष्यभर उतरलेलीच ठेवू. त्यांना ते 'झकास' घेऊन जाऊ दे, राव." चार दिवस मीही तसाच विचार केला. खोटं कशाला सांगू, मला तो पटलाही होता. पण ट्रकमागं धावलेली ती संध्याकाळ मला झोपू देईना.

पाचव्या दिवशी पिंपळे गुरवला गेलो. काकूंनी पाटी दिली आणि त्या आत गेल्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यापुढं पटकन बोलून मोकळं होता येत नाही, एकेक अक्षर काढावं लागतं. मी लिहिलं, मी पंखा उलटा फिरवला.

साहेबांनी वाचलं. "किती?"

पाव फेरा.

"कुठला?"

पाच नंबर. रॉड वाकलाय.

मी पुसून लिहिलं, पुन्हा करू. लिबरेटर केली तशी.

"ती माणसं तिशीतली होती, बबन," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "रॉडचं सोड. लोखंड आहे, वाकतं. तू झकास लिहिलंस. माझे कान म्हणून तुला तिथं उभा केला होता."

मी पाटी पुसून काकूंना परत दिली आणि निघालो.

पुढच्या रविवारी आम्ही पाचवा सिलिंडर उतरवला. रॉड वाकलेला होताच, आणि त्यानं आतलं इतकं खाल्लं होतं की पुन्हा जोडायला पूर्ण दुसरं इंजिन हवं. साहेबांनी त्यावर बोट फिरवून पाहिलं, कापड टाकलं, आणि शेडमधली आपली हत्यारं काकूंच्या पिशवीत भरून घरी नेली. समारंभात इंजिन सुरू होणार नाही, हे या लेखामुळे सर्वांना कळावं. संपादकांनी माझ्याकडे गौरवाचा लेख मागितला तेव्हा मी नको म्हणालो होतो. साहेबांनीच निरोप धाडला: "माझं कौतुक लिहू नकोस. जे झालं ते लिही, पातं कुठल्या बाजूला फिरवलं ते नीट लिही. फळा आता नाही, ग्रंथ तरी असू दे." म्हणून लिहिलं. साहेबांना खोटं न सांगण्याची ही एवढीच संधी माझ्याकडे उरली होती.

चाकणला आता नव्या गाड्या विजेवर चालतात, त्यांना ऐकण्यासारखं काही नसतं. माझ्या शेडमधले नवे कारागीर आधी स्कॅनर लावतात. माझे कान अजून तिखट आहेत, पण त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.

मी दर रविवारी साहेबांकडे जातो. ते "ये, बस" म्हणतात. चहा येतो. काकूंची तब्येत, पाणी कधी येतं, असं बोलणं होतं. जाताना माझ्या गाडीपर्यंत सोडायला येतात, मी ती मुद्दाम सुरू ठेवून काच खाली करतो, थोडा वेळ थांबतो. पूर्वी ते बॉनेटवर हात ठेवायचे. आता हात पाठीमागं बांधलेले असतात.

साहेबांना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत, दृष्टी शाबूत राहो, काकूंची साथ राहो, असं इथं प्रत्येकजण मनापासून मागेल, आणि ते त्यांच्यासाठी मागेल. माझ्या मागण्यात स्वार्थ आहे. मला खूप वर्षं हवी आहेत त्यांची. कारण एखाद्या रविवारी, सगळं विसरून, साहेबांनी माझ्या कानांना पुन्हा काहीतरी विचारायला वेळ लागणार आहे. हा मजकूर छापखान्यात देईपर्यंत त्यांनी विचारलेलं नाही.