पाचव्या दारचा जोगवा

खरं सांगते, त्या मंगळवारी दुपारी मी देवीला हात जोडले नाहीत, तिच्याशी भांडले. माझा संदीप सहल कंपनीत स्वयंपाकी आहे. आपली माणसं परदेशात हौसेनं जातात, पण तिसऱ्या दिवशी त्यांना पिठलं-भाकरी आठवते, आणि मग ते रांधायला आमच्या घाटनांदूरचं पोरगं लागतं. तेव्हा तो ज्या देशात होता, तिथं निवडणुकीवरून दोन तट पडून माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती, हे मला नंतर कळलं. मला फक्त टीव्हीवरची पट्टी दिसत होती. समुद्रकिनारा, जुना किल्ला, बाजार, तिन्ही ठिकाणी एकाच वेळी स्फोट, पर्यटक ठार. सकाळीच संदीप फोनवर म्हणाला होता, "आज पावन्यांना किल्ला दाखवायचाय. डबे घेऊन मी बी चाललोय."

त्याचा फोन लागेना. कंपनीचा फोन सारखा गुंतलेला. हे मोटारसायकल काढून अंबाजोगाईला गेले, तहसीलमधून काही कळतं का बघायला. मी देव्हाऱ्यापुढं बसले, पण डोळे मिटले की किल्लाच दिसायचा. "इतकी वर्षं दिवा लावला तो यासाठी का?" मी मोठ्यानं म्हणाले, आणि म्हणता म्हणता नजर फळीवरच्या परडीवर गेली. माझ्या सासूबाई दर मंगळवारी ती परडी घेऊन तुळजापूरच्या आईच्या नावानं पाच घरी जोगवा मागायच्या. त्या गेल्यावर मी ती फळीवर ठेवून दिली. आमचे हे ग्रामपंचायतीत निवडून आलेले, आणि मी मेंबरची बायको! चारचौघांच्या दारात पीठ मागायची मला लाज वाटायची. देवीला काय, घरातला नैवेद्यही पोचतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

त्या दुपारी ती लाज कुठं गेली कोण जाणे. परडी पुसली, कवड्यांची माळ गळ्यात घातली आणि अनवाणी निघाले. सासूबाईंचा नियम होता, घरं ओळीनं घ्यायची. "दार टाळायचं न्हाई," त्या म्हणायच्या, "टाळलं की त्यो जोगवा न्हाई, नुसती भीक हाय." चार दारांत मूठ मूठ ज्वारीचं पीठ मिळालं. माझ्या तोंडाकडं बघूनच बायकांचे डोळे भरत होते. पाचवं दार मंदाबाईचं होतं.

मंदाबाई आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलो. मिठापासून बाळंतविड्यापर्यंत सगळं एकमेकींचं. पण तिचे मालक विरोधी पॅनेलचे. निकालाच्या दिवशी आमची मिरवणूक मुद्दाम त्यांच्या दारात थांबली आणि माझ्या संदीपनं त्यांच्या उंबऱ्यापाशी सुतळी बॉम्ब लावले, एकामागून एक. आत तिचे थकलेले सासरे अंथरुणाला खिळलेले. मंदाबाई दारात येऊन हात जोडून म्हणत होती, "बास करा रे, म्हातारं मानूस हाय, लई भ्यालंय." मी गुलालानं माखून समोरच उभी होते. पोराला आवरायचं सोडून मी हसले. त्यालाही आता दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो.

त्या उंबऱ्याशी मी थबकले. पुढचं घर घ्यावं असं मनात आलं, खोटं कशाला बोलू! पण पोराचा जीव टांगणीला लागलेला असताना सासूबाईंचा शब्द मोडायची हिंमत होईना. "जोगवा वाढा माय," मी म्हणाले, तेही अर्धंच तोंडातून निघालं. मंदाबाई बाहेर आली, मला पाहिलं आणि तशीच आत वळली. आता ही काही बाहेर येत नाही, असं मला वाटलं. तेवढ्यात आत फोन वाजला, थांबला, परत वाजला. ती एका हातात पिठाची वाटी, दुसऱ्या हातात फोन घेऊन बाहेर आली.

"भाईरच्या देशाचा नंबर हाय," ती म्हणाली. "असले म्या कदी उचलत न्हाई, लुबाडणारे असत्यात. पर आज तू दारात हाईस." आणि तिनं तो उचलला.

"काकू, मी संदीप."

त्याचा फोन पळापळीत पडला होता. स्फोट झाल्यावर किल्ल्याखालच्या गल्लीतल्या एका बाईनं त्याला आणि सहा पाहुण्यांना हाताला धरून घरात ओढलं आणि कडी लावली. भाषा कळेना, तरी तिनं आपला फोन पुढं केला. संदीपला एकच नंबर पाठ होता. तो होस्टेलला होता तेव्हा आमच्याकडं फोन नव्हता. गल्लीतला पहिला मोबाईल मंदाबाईचा, आणि दर रविवारी तो त्यावरच फोन करायचा.

"आईला निरोप द्या काकू, मी बरा हाय."

"निरोप कशाला रे," मंदाबाईचा आवाज फुटला, "तुझी माय माझ्या दारातच हाय."

तिनं फोन माझ्या कानाला लावला. तो म्हणाला, "आई, आवाज लई मोठा झाला गं. आपल्यातले दोगं गेले. सकाळी माझ्या हातचे पोहे खाल्ले हुते त्यांनी." मग म्हणाला, "काकूला दे." तो तिला काय म्हणाला ते मी विचारलं नाही. ती म्हणाली, "कवाच इसरले म्या. तू आदी घरी ये." ती विसरली नव्हती, हे तिचं रडं बघून मला कळलं. मग तिनं वाटी माझ्या परडीत रिकामी केली.

देवीनं माझ्या पोराला वाचवलं, असं मी कुणाला सांगत नाही. त्या दोघांच्या आयांनीही तिलाच हाक मारली असेल. मी एवढंच जाणते की माझ्या हातात काहीच उरलं नाही, तेव्हा तिनं मला ज्या दारात न्यायचं त्याच दारात नेऊन उभं केलं, आणि परक्या मुलखात माझ्या लेकरासाठी एका अनोळखी माउलीनं दार उघडलं. त्या माउलीचं नावही मला ठाऊक नाही. रोज दिवा लावताना तिची आठवण काढते.

संदीप परतला तेव्हा घरी येण्याआधी खांद्यावरच्या पिशवीसकट मंदाबाईकडं गेला. तिच्या म्हाताऱ्या सासऱ्यांच्या उशाशी बसून त्यानं त्यांचा हात धरला.

"कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"संदीप, आबा."

त्यांनी चाचपडत त्याच्या तोंडावरून, कानांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुला कुटं लागलं न्हाई ना रे?"