मामीच्या तोंडी मामांची मापं

आमचे मामा शिंपी. टेप ते लावायचे आणि माप मामी तोंडपाठ ठेवायची. त्यामुळे मामांची आठवण कधी उसवत गेली, ते दुकानात कुणाला कळलंच नाही.

डॉक्टरांनी मामांना वार विचारला, तर मामीच म्हणाली, "बुधवार."

"वहिनी, पेपर त्यांचा आहे," म्हणत डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं. एकट्या मामांना वारही सांगता आला नाही. तपासण्यांत स्मृतिभ्रंश निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मामीला बजावलं, "त्यांचं त्यांना आठवू द्या."

संध्याकाळी मामांनी विचारलं, "कात्री कुठाय गं?"

कात्री त्यांच्या मांडीवरच होती. मामीने जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून धरलं. बऱ्याच शोधाशोधीनंतर मामांना ती सापडली.

"हल्ली तू फार विसरतेस," मामा म्हणाले.

"हो ना," मामी म्हणाली.