फोर्टात ट्राम परत यायची होती तेव्हा

खाऱ्या वाऱ्याला स्वतःचा एक वास असतो. ओल्या मिठाचा, खाडीच्या चिखलाचा आणि सावकाश गंजत जाणाऱ्या लोखंडाचा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही गिरगाव सोडून भाईंदरला, गोडदेवच्या एका नव्या इमारतीत राहायला आलो, तेव्हा दुपार कलली की हा वास तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत बिनदिक्कत शिरायचा. खिडकीचे गज कितीही रंगवले तरी पुन्हा तांबूस पडतात म्हणून आई कुरकुरायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, मात्र खुर्ची मुद्दाम खिडकीशी ओढून बसत आणि तो वास छातीत भरून घेत. त्यांचं सारं तारुण्य लोखंडाच्या सहवासात गेलं होतं. ते मुंबईत ट्राम चालवत.

ट्राम चालवणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? त्या वाहनाला वळवायचं चाक नसे. वाट रुळांनी आधीच ठरवून ठेवलेली. चालवणाऱ्याने फक्त वेग राखायचा. डाव्या हाताशी विजेचा पितळी दांडा, उजव्या हाताशी ब्रेक, टाचेखाली घंटेचा खटका, आणि दिवसभर उभं राहणं. समोर हातगाडी आली काय, गाय आली काय, बाजूने निसटून जायची सोय नाही. म्हणूनच की काय, अण्णांच्या स्वभावात एक अपार सबुरी मुरली होती. ते कुणाला चुकवून पुढे जात नसत, थांबत. लग्नाच्या पंगतीत थांबत, रेशनच्या रांगेत थांबत, माझ्या रुसव्यापुढेही थांबत. माझा स्वभाव नेमका उलटा, त्यामुळे मला या थांबण्याचा लहानपणी फार राग यायचा.

मी शाळेत जायला लागले त्याच सुमारास ट्राम बंद झाल्या. रूळ डांबराखाली गेले, डबे भंगारात गेले, आणि माणसं बसवर गेली. अण्णांनाही बस शिकायला पाठवलं होतं. पण ज्याच्या हाताने कधी वाट निवडलीच नव्हती, त्याच्या हाती एकदम चाक आलं. मोकळ्या मैदानातसुद्धा ते गाडी सरळच नेत, वळणच घेत नसत. शिकवणारा हसून हसून दमला, असं आईच सांगायची. अखेर त्यांना डेपोत गाड्यांच्या वेळा लिहायला बसवलं. निवृत्तीपर्यंत ते दुसऱ्यांच्या गाड्या सुटताना पाहत राहिले. त्याबद्दल त्यांनी कधी ब्र काढला नाही. माणूस बोलत नाही म्हणजे त्याचं काही गेलेलं नाही, असं आपण किती सोयीने समजतो!

आमची इमारत ज्या जमिनीवर उभी होती, तिथे आधी गोडदेवच्याच म्हात्रेकाकांची भातशेती होती. शेत गेलं, त्याबदल्यात तळमजल्यावरचे दोन फ्लॅट आले, आणि म्हात्रेकाका इमारतीच्या कट्ट्यावर बसून आपल्याच बांधाची जागा पायाने दाखवू लागले. त्यांची आणि अण्णांची गट्टी जमली नसती तरच नवल. एकाचं शेत सिमेंटखाली, दुसऱ्याचे रूळ डांबराखाली. संध्याकाळी दोघं मिळून भाईंदर स्टेशनपासून जेसल पार्कापर्यंत ट्राम कुठून न्यावी याचे बेत रचत. अण्णा थांबे ठरवत, म्हात्रेकाका प्रत्येक थांबा आपल्या नातेवाइकांच्या दारात आणून ठेवत. शेजारपाजारचे हिंदीतून थट्टा करत, "काका, ट्राम कब आ रही है?" अण्णा गंभीरपणे सांगत, "रस्ता मोकळा झाला की येतेय."

नव्वदीच्या सुरुवातीला कधीतरी वर्तमानपत्रात एक छोटीशी बातमी आली. फोर्ट भागात पुन्हा ट्राम सुरू करता येईल का, याचा विचार चालू आहे, जाणकारांनी व नागरिकांनी आपल्या सूचना लेखी कळवाव्यात. एवढंच. पण त्या चार ओळींनी आमच्या घरात जे झालं, ते एखाद्या लग्नपत्रिकेनेही झालं नसतं. अण्णांनी बातमी कापली, देव्हाऱ्यातल्या पंचांगात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा वाचली. नव्या मुलांना कोण शिकवणार, असं ते आईला दोनदा विचारून गेले. खाली कट्ट्यावर बातमी वाचून दाखवली, तेव्हा म्हात्रेकाका म्हणाले, "तुमची ट्राम येल बी. माजं शेत काय आता येत न्हाय." त्या संध्याकाळी अण्णांनी ट्रामचा विषय पुन्हा काढला नाही.

मी फोर्टातच एका कचेरीत नोकरी करत होते. रोज त्याच रस्त्यांवरून चालत होते, आणि खरं सांगायचं तर ट्राम परत येण्याच्या कल्पनेने मलाही भुरळ पडली होती. गेलेली गोष्ट परत मागताना आपण नेमकं काय मागत असतो? ती वस्तू, की तिच्या आसपास उभे असलेले आपण? मला हवी होती ती ट्राम की तिच्या पुढच्या भागात खाकी पोशाखात ताठ उभे असलेले, केस काळे असलेले माझे वडील? शहर जुनं काही परत आणायचं म्हणतं, तेव्हा लाखो माणसं आपापल्या हरवलेल्या वर्षांसाठी हात पुढे करतात, आणि योजना आखणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

सूचना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायची नाही, असं अण्णांनी ठरवलं. एका शनिवारी अर्ध्या दिवसाचं काम आटोपून मी बाहेर आले, तर ते इस्त्रीचा सदरा घालून कचेरीच्या दारात उभे. आम्ही म्युझियमपासून बोरीबंदरच्या दिशेने निघालो. त्यांच्या तोंडी अजून त्या रस्त्याचं जुनं नाव, हॉर्नबी रोडच होतं. कुठे रूळ वळायचे, कुठे चढ लागायचा, सगळं त्यांना पाठ. मी कौतुकाने ऐकत होते आणि बोलता बोलता पाहते तो अण्णा शेजारी नाहीत. ते रस्त्याच्या मधोमध उभे होते. जिथून एके काळी रूळ जायचे, नेमक्या त्या जागी, दोन्ही अंगांनी टॅक्सी आणि मोटारी चाललेल्या असताना, ते पाय जुळवून शांतपणे उभे होते.

मग त्यांनी जे केलं ते मी आजन्म विसरणार नाही. नसलेल्या पायरीवरून उतरावं तसा त्यांनी एक पाय खाली ठेवला आणि ते फुटपाथकडे निघाले. एक पाऊल, आणि टॅक्सीचा भोंगा. दोन पावलं, आणि स्कूटर. तिथेच अडकून ते माघारी सरकले. पुन्हा निघाले. मी ओरडत होते, हात करत होते. ते माझ्याकडे पाहतही नव्हते. काठाशी उभ्या केलेल्या मोटारींची रांग ओलांडून ते अखेर माझ्यापाशी पोचले, तेव्हा त्यांचा सदरा घामाने चिकटला होता. मी संतापाने त्यांचा दंड धरला. ते मात्र अगदी शांत होते, फार शांत.

तेव्हा, एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकून, त्यांनी मला त्यांच्या कामाची एक रीत सांगितली, जी मला इतकी वर्षं ठाऊक नव्हती. ट्राम रस्त्याच्या मधून चाले, त्यामुळे उतारूला उतरल्यावर अर्धा रस्ता ओलांडावा लागे. कंडक्टरने घंटा दिली की गाडी हाकावी, असा नियम. पण अण्णा घंटा ऐकूनही वळून पाहत. शेवटचा उतारू, विशेषतः म्हातारं माणूस किंवा कडेवर पोर असलेली बाई, फुटपाथला लागल्यावाचून त्यांचा हात दांड्यावर पडत नसे. यापायी त्यांची गाडी उशिरा पोचे. दोनदा मेमोही मिळाला होता. त्यांना शिकवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरची ही सवय, त्यांनी ती तशीच उचलली. गाडीतून उतरला म्हणजे माणूस उतरला, हे त्यांना कधी पटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पत्र सांगत गेले आणि मी लिहीत गेले. कोणत्या वळणाला किती वेग असावा, पावसात ब्रेक लावताना रुळांवर वाळू कशी टाकावी, सारं आलं. आणि शेवटी त्यांनी सांगितलं: "आधी उतरणाऱ्यांना चालायला रस्ता मोकळा करावा. मधून रूळ टाकले तर उतरणारे गाड्यांत सापडतील. कडेने टाकावेत, तर कडेला मोटारी उभ्या आहेत. हे होत नसेल, तर ट्राम आणू नये."

माझं पेन थांबलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. जवळजवळ तीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते असं स्वतःच्या तोंडाने परत पाठवायचं? मी म्हटलं, "अण्णा, हे शेवटचं वाक्य काढू या ना. तुम्हीच नको म्हणालात, तर कोण आणणार? आली असती तर तुम्ही एकदा तरी बसला असतात."

ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मी बसलो असतो गं सुखानं. उतरणाऱ्याचं काय?"

मी वाक्य लिहिलं. त्यांनी खाली सही केली, आणि सहीखाली आपल्या हाताने, जरा मोठ्या अक्षरांत, 'ट्राम ड्रायव्हर' असं लिहिलं. त्याआधी 'माजी' लिहायचं राहिलं, हे माझ्या ध्यानात आलं. मी पत्र तसंच पाकिटात घातलं. सोमवारी कचेरीला जाताना पाकीट टपालपेटीच्या तोंडाशी धरलं. ते पत्र कुणी वाचणार होतं की नाही, देव जाणे. पण मला मात्र वाटलं, की अण्णांची ट्राम आपण आपल्या हाताने दुसऱ्यांदा बंद करतोय. तरीही मी ते टाकलं. संध्याकाळी घरी आले तर अण्णा चपला घालून खाली कट्ट्यावर निघाले होते. "टाकलंस?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते जिना उतरू लागले आणि मी जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून पाहत उभी राहिले, शेवटच्या पायरीवरून त्यांचा पाय अंगणात टेकेपर्यंत.