‘फेरी’च्या पुस्तिकेचं लायसन्स

बोईसरला मी ज्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे, तिथे लोक कागद विसरून जातात. कुणाचा सातबारा, कुणाची मार्कशीट. न्यायला कुणी येत नाही आणि माझ्याच्यानं टाकवत नाहीत, त्यामुळे ड्रॉवर भरत जातो. आमच्या ग्रुपचे किस्सेही असेच साठलेत. आज ड्रॉवर उपडा करतो.

ग्रुप म्हणजे चार माणसं. नरेशदादा तारापूरच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. त्यानं सुट्टीच्या दिवशी बसून ‘फेरी’ नावाचं ॲप बनवलं. बोट समुद्रात गेली की नोंद, परत आली की नोंद. कोण अजून बाहेर आहे ते गावाला कळतं. कोड सगळ्यांना खुला. रेश्माताई पालघरला वकिली करते. हेमामावशी मुरब्याची, घरच्या दोन बोटी. आणि चौथा मी. नववीत शाळा सुटली. कोड येत नाही, म्हणून ॲप कसं वापरायचं याची बत्तीस पानांची पुस्तिका मी लिहिली. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा आतच आमची मीटिंग.

*

रत्नागिरीकडच्या एका मास्तरांची मेल आली. पुस्तिका आवडली, आमच्या बोलीत करून छापू का? परवानगी कुठे लिहिलेली दिसत नाही. मासेमारी सुरू व्हायच्या आत हवी.

“विचारायचं काय त्यात? खुलंच आहे ना सगळं!” नरेशदादा म्हणाला.

“कोडचं लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी, ते कोडपुरतंच,” रेश्माताई म्हणाली. “पुस्तिका हे लिखाण आहे. त्यावर काहीच लिहिलं नसेल, तर दुसऱ्याला ती बदलून छापता येत नाही.”

दादानं डोकं चालवलं. कोडचं लायसन्स होतं तसंच पुस्तिकेच्या मागे जोडून टाकलं. सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरात, चौदा पानं!

मावशीनं पुस्तिका हातात तोलून पाहिली. “अरे, पापलेट एक आन् बरफच टोपलीभर!”

*

पुढच्या रविवारी दादा नवी अट घेऊन आला. “पुस्तिकेवर कुणी धंदा करायचा नाही. फुकट घ्या, फुकट द्या.”

मला पटलं. तेवढ्यात आमचे शेठ चष्मा विसरला म्हणून दुकानात आले आणि उभ्याउभ्या ऐकत राहिले.

“म्हणजे कुणी हिची झेरॉक्स मागितली, तर मी पैसे घ्यायचे की नाही?”

“तोच तर घोळ आहे,” रेश्माताई म्हणाली. “धंदा कशाला म्हणायचं, ते शेवटी कोर्ट ठरवणार.”

शेठनी मशीनवर हात ठेवला. “हे कोर्टात येणार नाही हां. चार माणसं लागतात उचलायला!”

*

“मग बदल करायचा नाही, ही अट घालू,” दादा म्हणाला. “उद्या कुणी उलटसुलट लिहिलं तर? समुद्राचं काम आहे.”

हे खरंच होतं. मावशीनं पिशवीतून स्वतःची प्रत काढली. पानापानावर निळ्या पेननं खाडाखोड! मी लिहिलं होतं, ‘नौका परतल्याची नोंद करावी.’ तिनं ते खोडून खाली लिहिलं होतं, ‘बोट आली? बटन दाब.’

“नौका कोन बोलतं रं? आमी काय नाटकात काम करतो?”

“मावशी, ही अट घातली तर पहिल्या आरोपी तुम्हीच!” रेश्माताई हसायला लागली.

“येऊ दे पोलिसाला. बोटीत बसवून फिरवून आनते. उलट्या काढत घरी जाईल!”

अट तिथेच बारगळली. त्या प्रतीतली बरीच वाक्यं मी गुपचूप उतरवून घेतली. पुस्तिका लोक खरी वाचायला लागले ते त्यानंतर.

*

मास्तरांची दुसरी मेल आली. दिवस थोडे राहिलेत, काय ठरलं? नरेशदादा वैतागला.

“अटबिट काही नको. सगळे हक्क सोडून देऊ. नावसुद्धा नको. ज्याला जे करायचंय ते करू दे.”

शाळा सुटल्यापासून माझं नाव कुठे छापून आलं नव्हतं. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तेवढं होतं, लहान अक्षरात, मीच टाकलेलं. ते राहावं असं फार वाटत होतं. पण असलं बोलायचं कसं?

“लिहिलंयस तू. तुझं काय म्हणणं?” रेश्माताईनं विचारलं.

“चालेल,” मी म्हणालो.

“मग हात वर करा.”

आणि माझं नाव काढायला सगळ्यात आधी हात कुणाचा वर गेला? माझा!

दादाचाही गेला. मावशी मात्र हाताची घडी घालून बसली होती.

“नरेश, तुझ्या आपमदी बोट आली असं दाबलं, की दाबनाऱ्याचं नाव टाकाया लागतं. कशाला?”

“चुकलं तर कुणाला विचारायचं, ते कळावं म्हणून.”

“मंग पुस्तकात चुकलं तं शिव्या कोनाला द्यायच्या?”

दादाचा हात हळूहळू खाली आला. रेश्माताईनं तसंच लायसन्स शोधून काढलं. पुस्तिका घ्या, बदला, छापा, विका. पण लिहिणाऱ्याचं नाव ठेवा, काय बदललं ते सांगा आणि पुढच्यालाही याच अटींवर द्या. पहिल्या पानावर दोन ओळी, बस्स. मास्तरांना त्याच दुपारी मेल गेली.

हे सगळं ठरलं, तरी माझा हात अजून वरच होता.

“घे रं खाली,” मावशी म्हणाली. “दुखेल.”

*

सीझन सुरू होऊन आठवडा झाला असेल. दुपारी दातिवऱ्याचा एक माणूस पुस्तिकेवरचा पत्ता शोधत दुकानात आला. अनोळखी माणूस तावातावानं आला की मी पेपरचे गठ्ठे मोजायला आत जातो. तसा गेलोही.

त्यानं पुस्तिका काउंटरवर आपटली. “दिनेश जान्या वरठा कोन हाय?”

शेठ घाबरले. “का हो?”

“पान बारा! बटन उजवीकडं लिवलंय. उजवीकडं कुटं हाय? डावीकडं हाय! आमी घरी येऊन जेवाया बसलो, आन् आपमदी आजून समुद्रात! अर्धा गाव आमाला शोधाया निगाला!”

मी बाहेर आलो. “मीच तो.”

चहा येईपर्यंत तो मला बोलला. चहा पिऊन पुन्हा सुरू झाला. मी त्याच्यासमोर बारावं पान दुरुस्त केलं, नवीन प्रत काढून दिली, तेव्हा कुठे गेला.

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. “एवढं झापलं त्यानं, आणि तू हसतोस काय?”

“शेठ,” मी म्हणालो, “वडिलांच्या नावासकट माझं नाव घेतलं त्यानं!”