रशियाच्या आधीची घंटा

ऐंशीच्या दशकात मी गडचिरोलीकडच्या एका गावात इतिहास शिकवत होते. गाव धानाचे, शाळा कौलारू, आणि शाळेत चालू घड्याळ एकच, ते शिपाईभाऊंच्या मनगटावर. मुख्याध्यापकांकडेही घड्याळ होते, पण ते शोभेपुरते. भाऊ फौजेतून परतलेले, चाळिशी ओलांडलेले, डाव्या पायाने थोडे लंगडणारे. आवारातल्या मोहाच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला होता. भाऊ तो ठोकायचे तेव्हा शाळाच काय, शेजारच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी करणाऱ्या बायाही जेवायला बसायच्या. शाळेसमोर एक म्हातारी एकटी राहायची. सुटी झाली की भाऊ आधी तिच्याकडे दोन गुंड, म्हणजे हंडे, पाणी भरायचे. मला वाटे, आईच असेल.

नववीच्या पुस्तकात फ्रान्सच्या त्या सेनापतीचा धडा होता, जो पुढे सम्राट झाला. माझा तास सुटीच्या आधीचा. भाऊ खिडकीखाली स्टुलावर बसून ऐकायचे. बेटावरच्या बेताच्या घरचा पोरगा, तोफखान्यातून वर चढत गेला, हे त्यांना फार आवडले होते. मुकुट त्याने स्वतःच्या हाताने डोक्यावर ठेवला, असे मी सांगितले तेव्हा खिडकीतून आवाज आला, "सोताच घातला? बराबर केलं." पोरे हसली. मी पोरांना दटावले. खरे तर मलाही हसू आले होते.

मग सम्राट रशियावर निघाला आणि घंटा झाली. दुसऱ्या दिवशी मी उजळणी करून मॉस्कोपर्यंत आले, आणि घंटा. घंटेनंतर पोरांना धरून ठेवणे देवालाही जमत नाही. तिसऱ्या दिवशी मी खोलीवरचे गजराचे घड्याळ पिशवीतून नेले. सैन्य बर्फात शिरले आणि रूळ वाजला. बारा मिनिटे आधी. परीक्षा आठवड्यावर आली होती, आणि मी मुळातच तापट. तरातरा झाडाखाली गेले. रागावले की माझे पुस्तकी मराठी सुटते.

"भाऊ, बारा मिनिटं बाकी होते. काऊन वाजवली?"

भाऊ हातातला लोखंडी दांडा पुसत राहिले. "बाई, ते बरफाचं पान सोडून द्या ना. नाई येत ते परीक्षेत."

"तेच येते."

भाऊ खाली बसले आणि डाव्या पायाचा बूट काढला. तीन बोटे नव्हती. चीनच्या लढाईत माघार घेताना गेली, म्हणाले. त्यांच्यासोबत याच गावचा एक साथीदार होता. त्याचे दोन्ही पाय गारठून निकामी झाले होते. "दोन दिवस ओढला मी त्याले. मंग सोडला. तो पाहून राह्यला होता माह्याकडे." गावात येऊन त्यांनी साथीदाराच्या आईला सांगितले की, गोळी लागली, जागेवरच गेला.

मग त्यांनी विचारले, "राजा होता का हो त्याईच्या संगं? शेवटपर्यंत?"

पुस्तकात त्यावर एकही ओळ नव्हती. नाही माहीत, म्हटले असते तर चालले असते. पण मला माहीत होते, आणि त्या वयात माहीत असलेले पोटात राहत नाही. शिवाय वाटले, एवढ्या मोठ्या माणसाने तेच केले हे ऐकून भाऊंचे ओझे हलके होईल. मी सांगितले की, सम्राट सैन्याला बर्फात सोडून पुढे निघून गेला, घसरगाडीत बसून, राजधानीत गादी सांभाळायला.

भाऊंनी सावकाश बूट चढवला, नाडी बांधली.

"त्याचं काय, बाई. तो राजा होता. त्या पोराईची माय काही त्याच्या दारासमोर राहत नव्हती. मी तं रोज पाणी भरतो तिथं."

समोर म्हातारी दारात बसली होती. भाऊ गुंड उचलून तिकडे गेले. मला स्वतःची लाज वाटली. आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी घंटा वेळेवर झाली. स्टूल रिकामे होते. रशिया, पराभव, बेटावरची कैद, सगळे मी एका तासात उरकले.

पुढच्या वर्षी ते पान आले त्या सकाळी मी मुख्याध्यापकांना सांगून भाऊंना टपाल घेऊन तालुक्याला पाठवले. भाऊंनी काही न विचारता मनगटावरचे घड्याळ काढून माझ्या हातात ठेवले. तास संपल्यावर घंटा मी दिली, मिनिटाचाही फरक न करता.

पोरे पांगली तशी म्हातारी काठी टेकत फाटकापाशी आली.

"आज घंटेवर हात दुसरा होता. पोराले बरं नाई का?"

"बरं आहे, आजी. तालुक्याला गेले आहेत. संध्याकाळी येतील."

मी पाण्याचे विचारले. ती नको म्हणाली. भाकर झाकून ठेवली आहे, म्हणाली, तो आल्यावर जेवीन. आणि रस्त्याकडे तोंड करून दारात बसली.