महूचं हृदय तपासणी शिबिर

नागपूरहून येणारी इंदूरची बस उशिराच पोचते असं सगळे सांगतात. माझी अर्धा तास आधी पोचली, आणि कंडक्टरने मला भलत्याच चौकात उतरवून दिलं. नको त्या ठिकाणी माणूस असा लवकर पोचतो. माझा धाकटा भाऊ सुधीर जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या स्मृतिदिनाला मी आले होते, आणि खरं सांगायचं तर त्याच्या मुलीला तोंड दाखवायची मला धास्ती वाटत होती.

सुधीरने आत्महत्या केली. आज हे लिहिते आहे, तेव्हा बोलले नव्हते. उलट, घरात माणसं जमत असताना मी त्याच्या मुलीला, संघमित्राला, स्वयंपाकघरात नेलं आणि बजावलं, "कोणी विचारलं तर हार्ट अटॅक म्हण." ती पंधरा वर्षांची होती. मी पडले शाळामास्तरीण, पाठांतर करून घ्यायची खोड. तिच्याकडून ते दोनदा म्हणवूनही घेतलं.

"आत्या, तिथेच खडी राहा, मी आले," फोनवर संघमित्रा, घरातली आमची मित्रा, म्हणाली आणि रिक्षा घेऊन आली. उंच झाली होती. वाटेत पोहे खाल्ले. तीस वर्षं नागपुरात काढल्यावर मला पोह्यांवर झणझणीत तर्री लागते. इथे वर शेव, जीरावन (भुरभुरायचा आंबट-तिखट मसाला) आणि शेजारी जिलबी. "ही न्याहारी आहे की लग्नाची पंगत?" मी म्हटलं. मित्रा हसली नाही. पूर्वी ही पोरगी माझा एकही टोमणा उधार ठेवत नसे.

"मम्मीने तुला कॅम्पचं सांगितलं का?" तिने विचारलं.

"कसला कॅम्प?"

"बघशीलच ना," म्हणून ती प्लेट ठेवायला उठली.

घरून सुधीरची बायको रेखा सोबत आली आणि आम्ही तिघी महूला निघालो. आमचे आजोबा तिथे फौजेत होते. सुधीर आणि मी त्याच गावात वाढलो. छावणी लागली तशी बुंध्याला चुना-गेरू लावलेली झाडं सुरू झाली. याच सावलीत मी त्याला सायकल शिकवली होती. रेखा खिडकीबाहेर बघत होती.

विहाराच्या सभागृहाबाहेर फलक होता: सुधीरचा हसरा फोटो, आणि खाली 'प्रथम स्मृतिदिनानिमित्त मोफत हृदय तपासणी शिबिर'. आमचे इथले जुने शेजारी गायकवाड काका, निवृत्त सुभेदार, उत्साहाने पुढे आले. "ताई, सुधीर तर गेला, पर दुसऱ्या कोणाच्या घरी असं नाही व्हायला पाहिजे. म्हणून समाजाने ठरवलं." भल्या माणसाने वर्गणी काढून डॉक्टर आणले होते. माझ्या एका खोट्यावर सगळा समाज राबत होता.

नावं लिहायच्या टेबलावर मित्राला बसवलं होतं. एका बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बेटा, पप्पांच्या छातीत पहलेपासूनच दुखत होतं का?"

"नाही आंटी, अचानक," मित्रा म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. इतकं सफाईने आलेलं पाठांतर मी वर्गात कधी ऐकलं नव्हतं, आणि मला स्वतःची किळस आली.

दुपारी सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलो. मेणबत्ती लागली, त्रिशरण-पंचशील सुरू झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे माझ्या शेजारचा मित्राचा आवाज थांबला. पाचव्यालाही आला नाही.

आदरांजलीची भाषणं झाली. काकांनी विचारलं, "बिटिया काही बोलणार?" ती उठली. रेखाने तिचा हात धरला, मग सोडला.

"माझ्या पप्पांचं दिल एकदम ठीक होतं," ती म्हणाली. "त्यांना डिप्रेशन होतं. त्यांनी सुसाइड केलं. मी एक साल झूठ बोलते आहे, आणि मग मला रडताच नाही येत, कारण जे झालं ते तर कोणाला माहीतच नाही. मला त्यांचा गुस्सा येतो. आणि मला ते पाहिजेत."

मी उठले. "खोटं तिचं नव्हतं. मी शिकवलं होतं," एवढंच मला सांगता आलं. काकांनी स्वतः जाऊन बाहेरचा फलक उतरवला, सुधीरचा फोटो चुरगळू नये म्हणून नीट गुंडाळला आणि मित्राच्या हातात दिला. तेव्हा ती रडली. मोठ्याने, लहान मुलीसारखी, रेखाच्या मांडीवर डोकं ठेवून. मी जवळ गेले तर तिने मला दूर ढकललं. ते मला मिळायलाच हवं होतं. निघताना मात्र बसपर्यंत आली. "पोचलीस की फोन कर," म्हणाली. माफी नव्हती ती, पण फोन करायचा होता.

परतीच्या बसमध्ये शेजारी माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. इंदूरला कशासाठी आले होते, असं त्यांनी विचारलं. भावाचा स्मृतिदिन होता, मी म्हटलं. "अरेरे. कशाने गेले?" जिभेवर तेच दोन शब्द तयार होते. ते गिळायला मला बराच वेळ लागला.

"आत्महत्या केली त्याने."

आता त्या तोंड फिरवतील, याची मी वाट पाहत राहिले. त्यांनी विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

वर्षभरात सगळ्यांनी मला तो कसा गेला एवढंच विचारलं होतं. सुधीर, मी म्हटलं, आणि मग नागपूरपर्यंत त्याच्याबद्दलच बोलत राहिले.